डाव्या हाताची शेळी

शेळीनं तोंडच उघडलं नाही. शनिवारची सकाळ होती, कलाकेंद्राच्या तिसऱ्या मजल्यावरची लांबट खोली होती, समोर मांडी ठोकून बसलेली चौदा पोरं होती, आणि टेबलाच्या कडेवरून दोन बाहुल्यांची डोकी वर आलेली होती. बाईंच्या उजव्या हातावर टोपी घातलेलं बदक, त्याला सगळे साहेब म्हणत, आणि डाव्या हातावर तपकिरी शेळी. साहेब फक्त बाहेरची भाषा बोलायचा, म्हणजे शाळेची, दुकानाची, बसच्या ड्रायव्हरची. शेळी फक्त घरची. साहेबानं आपल्या नेहमीच्या नाकातल्या आवाजात विचारलं, की काय हो, आज उशीर का? आता शेळीनं फटकळ उत्तर द्यायचं. उत्तर बाईंच्या जिभेवर आलेलंही होतं. पण शेळीचा खालचा जबडा म्हणजे बाईंचा डावा अंगठा, आणि अंगठा हलेना. टेबलामागे उकिडव्या बसलेल्या बाईंनी मान वर केली. शेळी मिटल्या तोंडानं भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होती, जशी काही ती बाईंना ओळखतच नाही. बाईंनी अंगठ्याला मनातल्या मनात हुकूम सोडला, मग विनवणी केली, मग एक सणसणीत शिवी हासडली. ढिम्म! आणि पोरं? पोरं थांबली. कारण त्यांना तसं बाईंनीच शिकवलं होतं. या खेळात कुणी कुणाचं भाषांतर करायचं नाही आणि प्रश्न विचारला की घाई करायची नाही, थांबायचं. त्या थांबण्यातच समोरच्याला कळतं. दोन वर्षं हेच ऐकलेली ती चौदा गुणी लेकरं शेळीच्या तोंडाकडे टक लावून अशी चिडीचूप बसली, की बाईंना रडावं की हसावं तेच कळेना. इथे हात जागच्या जागी बंद पडलाय, आणि हे शहाणे त्याला कला समजतायत! शेवटी पुढचे दोन दात पडलेली एक चिमुरडी, जी वर्गात आल्यापासून घरच्या भाषेत चकार शब्द बोलली नव्हती, ती त्याच भाषेत म्हणाली, "तिला सांगायची लाज वाटतेय. मी सांगते. तिला मोजे सापडत नव्हते. चार लागतात ना तिला!" खोली खदखदून हसली. बाईंनी शेळीला मनगटातून कशीबशी एकदा मान डोलावायला लावली आणि उरलेला तास साहेबाच्या जिवावर काढला.

वर्ग सुटल्यावर केंद्राच्या संचालिका दारातच भेटल्या. त्या वयानं लहान, सदा लगबगीत, आणि मनानं चांगल्या. "ताई, काय जादू केलीत हो! एवढा वेळ गप्प बसलेली पोरं मी जन्मात पाहिली नाहीत." बाई म्हणाल्या, "अहो, शेळीची कमाल." आणि कोटाची बटणं न लावताच जिना उतरल्या, कारण बटणं लावता येत नव्हती. बसमध्ये खिडकीशी बसून त्यांनी डावा हात मांडीवर ठेवला आणि परक्याच्या हाताकडे बघावं तसा त्याच्याकडे बघितला. खरं तर चारपाच महिने हे चाललं होतं. बरणीचं झाकण फिरेना तेव्हा झाकण घट्ट, किल्ली वळेना तेव्हा कुलूप जुनं, सुईत दोरा जाईना तेव्हा सुई चिनी. नाचता येईना अंगण वाकडं. या हाताची बातमी त्या हाताला लागू द्यायची नाही असा बाईंनी चंगच बांधला होता, आणि उजवा बिचारा मुकाट्यानं दोघांचं काम ओढत होता. पण शेळीचं काम त्याला येत नव्हतं. ते कधीच आलं नव्हतं.

ती शेळी आईच्या कोटाची होती. आई कपड्यांच्या कारखान्यात शिलाईमशीनवर बसायची, कॉलर जोडायची, दिवसाला शंभर शंभर कॉलर. आणि या शहरात येऊन वीस वर्षं झाली तरी बाहेरच्या भाषेतलं तिला कामापुरतंच यायचं. पोस्टात, दवाखान्यात, शाळेत, खिडकीपलीकडच्या माणसाशी बोलायला ती लेकीला बरोबर न्यायची. आठ वर्षांच्या बाई टाचा उंच करून खिडकीतून बोलायच्या आणि मागे आई पर्स घट्ट धरून उभी असायची, आपलं काही चुकलं तर नाही ना अशा चेहऱ्यानं. त्यामुळे दोन भाषा म्हणजे बाईंना कधी पुस्तकातली गोष्ट वाटलीच नाही. एक भाषा खिडकीच्या या बाजूला, एक त्या बाजूला, आणि मध्ये टाचा दुखणारी आपण. पुढे मुलांच्या टीव्ही कार्यक्रमात नोकरी लागली तेव्हा आईनं जुना कोट उसवला, अस्तरासकट, आणि एका रविवारी शेळी शिवली. "डाव्या हातासाठी शिवलीय," ती म्हणाली. "उजवा हात कामाचा असतो. डावा आपला असतो." तिच्या अशा बोलण्याला शेंडाबुडखा नसायचा, पण ते लक्षात राहायचं.

नोकरी लागली ती एका माणसामुळे. कार्यक्रमाचे निर्माते; गळ्यात कायम स्टॉपवॉच, म्हणून सगळे त्यांना घड्याळमामा म्हणत. पहिल्याच तालमीत ते बाईंवर खेकसले होते. "शेळी बोलल्यावर तीन सेकंद गप्प? अगं बये, लोकांना वाटेल टीव्ही बिघडला! उठून पाठीवर थापा मारतील त्याच्या!" बाईंनी चाचरत सांगितलं, की त्या तीन सेकंदांत घरात बसलेलं मूल उत्तर देतं. मामांनी चष्मा वर केला. "तुला कसं माहीत?" "मी दिलं असतं," बाई म्हणाल्या. मामांनी चष्मा पुन्हा खाली घेतला; आणि त्यानंतर अठरा वर्षं प्रत्येक भागात ते कॅमेऱ्याखाली बसून बोटांनी मोजायचे, एक, दोन, तीन, आणि तोपर्यंत स्टुडिओत कुणी खोकलंसुद्धा तर त्याची धडगत नसायची. वरचे लोक, उंटावरून शेळ्या हाकणारे, अधूनमधून निरोप पाठवायचे, की ती शांतता काढा आणि तिथे संगीत भरा. मामा निरोप चहाच्या कपाखाली ठेवायचे. त्यावर गोल डाग पडले की म्हणायचे, "वाचला." बाईंना आत्ता बसमध्ये ते डाग आठवले आणि एकदम भरून आलं. किती माणसांनी आपल्याला किती सांभाळून घेतलं! कामाची नव्हती, शिकलेली नव्हती, एका शेळीखेरीज हाती काही नव्हतं, आणि तरी सगळा जन्म आवडीचं काम करण्यात गेला. नशीब काढलं म्हणतात ते हेच की. हात जोडायला अंगठा लागत नाही, ते एक बरं.

आणि तो घोळ. तो तर मामांनी कपाळावर हात मारून घेतलेला घोळ. थेट प्रक्षेपण होतं, दिवे तापलेले, कुणीतरी घाई केली, आणि बाईंनी साहेब डाव्या हातात घातला आणि शेळी उजव्या. भाषा बाहुल्यांत नसतात, हातांत असतात, हे बाईंना त्या दिवशी कळलं; कारण शेळी घडाघडा बाहेरची भाषा बोलायला लागली, आणि साहेब, तो टोपीवाला ऐटबाज साहेब, घरच्या भाषेत, थेट आईच्या हेलात म्हणाला, "दमलीस का गं? बस जरा." मधेच थांबता येईना. पंधरा मिनिटं तसाच खेळ केला. पोरांची पोतंभर पत्रं आली, शेळी शाळेत जायला लागली का म्हणून. पण त्या संध्याकाळी फोन आला तो आईचा. तिचा फोन कधीही आला तरी पहिलं वाक्य ठरलेलं, "जेवलीस का गं?" त्या दिवशी मात्र ती आधी नुसतीच हसत होती. "इतकी वर्षं या गावात काढली," ती म्हणाली, "आज पहिल्यांदा साहेब माझ्याशी माझ्या भाषेत बोलला." बाईंनी तिला सांगितलं नाही, की आई, ती चूक होती. मामांनी दुसऱ्या दिवशी रागावण्यासाठी बोलावलं होतं, पण आईचं ते वाक्य ऐकून ते स्टॉपवॉच चालू-बंद करत राहिले आणि म्हणाले, "जा. पुन्हा करू नकोस. म्हणजे, मुद्दाम करू नकोस."

डॉक्टरांनी सोमवारी हात उलटापालटा करून पाहिला आणि विचारलं, "या हातानं काय काम करता?" बाई म्हणाल्या, "शेळी." मग सगळं सांगावं लागलं. डॉक्टर गंभीर प्रकृतीचे होते, हसले नाहीत. "तीस वर्षं हात डोक्याच्या वर! अहो, मानेतली शीर दबलीय. व्यायाम देतो. सहा महिने लागतील. किती परत येईल ते मी छातीठोक नाही सांगणार." तीन आठवड्यांनी वर्गाचा पालकांसमोर खेळ होता. संचालिकांना आता सांगणं भाग पडलं, आणि त्यांनी लगेच खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि तोडगाही दिला. "ताई, तुम्ही काळजीच करू नका. तुमचं जुनं रेकॉर्डिंग आहे ना? मोठ्या पडद्यावर लावू. पालकांनी लहानपणी तेच पाहिलंय, रडतील बघा आनंदानं." बाई विचार करून सांगते म्हणाल्या. घरी येऊन त्यांनी एक जुना भाग लावून पाहिला. पडद्यावरची शेळी विचारायची, तीन सेकंद थांबायची, मान तिरकी करून, अगदी बरोबर. आणि मग पुढे बोलायची. समोरच्यानं उत्तर दिलं काय, नाही दिलं काय. थांबत होती, पण ऐकत नव्हती. बाईंनी टीव्ही बंद केला.

ऐकणाऱ्या शेळीची त्यांना स्वतःलाच गरज होती, हे त्या कुणाला सांगणार? दिव्याखाली अंधार म्हणतात तो त्यांच्या घरात होता. हजारो पोरांना दोन्ही भाषांची गोडी लावणाऱ्या बाईंची स्वतःची लेक घरची भाषा बोलत नसे. सात वर्षांची असताना शाळेच्या फाटकाशी, मैत्रिणींसमोर, ती बाहेरच्या भाषेत म्हणाली होती, "इथे माझ्याशी असं बोलू नकोस." बाईंनी ते गिळलं. टाचा उंच करून उभं राहणं कसं असतं ते त्यांना ठाऊक होतं. घरातही मग लेक तेच बोलू लागली. फक्त शेळीशी नाही. शेळीवर आधी तिचा रागच होता, आईचा सगळा वेळ खाते म्हणून. कानामागून आली आणि तिखट झाली, असं आजीच्या तोंडून उचलून तिला सुनवायची. पण धुण्याच्या टोपलीवर बसून, शेळीच्या कानाला तोंड लावून, ती घरच्या भाषेत सगळं सांगायची. चाचणीत शून्य मिळालं, बाकावरच्या मुलीनं कट्टी केली, आजी मरणार आहे का. बाई डावा हात वर धरून, तोंड दुसरीकडे वळवून ऐकायच्या. शेळी विचारायची, "जेवलीस का गं?" आणि लेक म्हणायची, "जेवले." अकराव्या वर्षी तेही थांबलं. शेवटचं कधी झालं ते बाईंना सांगता येत नव्हतं, कारण शेवटचं म्हणून काही सांगून येत नाही. त्यानंतर पंचवीस वर्षं आई घरच्या भाषेत विचारी आणि लेक बाहेरच्या भाषेत उत्तर देई. भांडण नाही, अबोला नाही, लेक गुणाची, दर आठवड्याला येणारी. बाईंनी तिला कधी टोकलं नाही. थांबायचं, हाच तर त्यांचा धंदा. पण शेळी मुकी झाली की लेक जिच्याशी त्या भाषेत बोलली होती असं या घरात कुणी उरणार नव्हतं, आणि तेवढ्यानं बाईंचा जीव खालीवर होत होता.

लेक दातांच्या कवळ्या बनवायची. जबडा हा तिचा रोजचा विषय. गुरुवारी ती आली, शेळी टेबलावर उताणी टाकली, दिवा ओढला, आणि रुग्ण बघावा तशी तोंडात डोकावली. "वरचा जबडा ठीक आहे," ती बाहेरच्या भाषेत म्हणाली. "खालच्याला तार बसवू. अंगठ्याऐवजी तीन बोटांनी ओढायची." तिनं पातळ तार वाकवली, बारीक स्प्रिंग लावली, चिमट्यानं, श्वास रोखून. बाई बघत राहिल्या. मान खाली घालण्याची तऱ्हा अगदी कॉलर जोडणाऱ्या आजीची. तार लागली, बाईंनी हात घातला, ओढली. शेळीनं आ वासला तो वासलाच. मिटेचना. "जांभई देतेय," बाई म्हणाल्या. "तुझ्या उपचारांना कंटाळली." लेक हसली, तिनं तार काढून टाकली, आणि शेळी झटकण्यासाठी स्वतःचा हात आत घातला. हात आत गेला आणि तिथेच राहिला. आतलं अस्तर अंगठ्याच्या जागी झिजून गुळगुळीत झालं होतं. "आई," ती थोड्या वेळानं म्हणाली, बाहेरच्याच भाषेत, "माझा हात तुझ्याएवढाच आहे की." मग म्हणाली, "मी तुझ्याशेजारी बसते. तोंड मी हलवते. आवाज तू दे. मला ती भाषा आता जमणार नाही, उगाच हसं होईल, पण तोंड हलवता येईल." बाईंनी मान वळवली आणि ओट्यावरचा स्वच्छ कप पुन्हा विसळायला घेतला. जीव भांड्यात पडला म्हणतात तसं झालं, आणि रेकॉर्डिंग नको असं संचालिकांना कळवलं.

दोन आठवडे दोघींनी रोज तालीम केली आणि मजा म्हणजे ती छान झाली. बाई बोलत, लेक जबडा हलवी, घरात त्या एवढ्या हसल्या की वरच्या मजल्यावरून कुणीतरी जमिनीवर ठोकलं. घरी बाई लेकीकडे बघून बोलायच्या. खेळाच्या दिवशी दोघी टेबलामागे उकिडव्या बसल्या, खांद्याला खांदा, माना वर; आता बघायला होती फक्त शेळी. समोर चौदा पोरं हातात आपापल्या मोज्यांच्या बाहुल्या घेऊन, त्यांच्यामागे खुर्च्यांवर आया, बाप, एखादी आजी. साहेबानं विचारलं, की काय हो, आज उशीर का? आणि बाईंना आवाजच सापडेना. घसा ठीक होता, शब्द पाठ होते. पण तीस वर्षं तो आवाज डावा हात वर गेल्याशिवाय कधी निघालाच नव्हता, आणि डावा हात आता मांडीवर मोकळा पडला होता, अन् शेळी होती दुसरीच्या हातावर. ही काय भलतीच फजिती! आजवर जे कुणाचं झालं नसेल ते आपलं व्हावं? बाईंनी तोंड उघडलं. नुसती हवा. पोरं थांबली. त्यांच्यामागची माणसंही थांबली, त्यांतली बरीच याच शांततेत लहानाची मोठी झालेली होती. कुणी खोकलं नाही. एक. बाईंना कॅमेऱ्याखालची मामांची बोटं दिसली. दोन. शेजारी लेकीचा खांदा ताठ झाल्याचं त्यांना जाणवलं. तीन. तीन होऊन गेले, चार झाले, पाच झाले, बाईंनी मोजायचं सोडलं. उठून माफी मागावी, म्हणावं, मंडळी, आमची शेळी म्हातारी झाली, असं त्या ठरवतच होत्या.

शेळी हलली. साहेबाकडे तिनं पाठ फिरवली, टेबलाच्या कडेवरून वाकली, आणि थेट खाली, बाईंच्या तोंडाजवळ तोंड आणलं. अंगठा जरा उशिरानं हलत होता, शिकाऊ होता. आवाज फटकळ नव्हता, शेळीचा तर नव्हताच. अकरा वर्षांच्या मुलीनं जिथे ठेवला होता तिथून काढलेला, धूळ बसलेला आवाज होता.

"आई," शेळी घरच्या भाषेत म्हणाली. मग अडखळली. मग म्हणाली, "जेवलीस का गं?"

बाईंनी काही ठरवलं नाही. उजवा हात आपला आपणच वर होता, टोपी कलती झाली होती. "जेवले," साहेब म्हणाला. घरच्या भाषेत. आईच्या हेलात. "जेवले गं बाई, जेवले."

मग ती दात पडलेली चिमुरडी ताडकन उठून उभी राहिली आणि टाळ्या पिटत ओरडली, "साहेब चुकला! साहेब चुकला!" झालं, सगळ्या पोरांनी एकच गिल्ला केला. खुर्च्यांवरची माणसं हसत होती, डोळे पुसत होती, आणि टेबलामागे लेकीनं मान फिरवून आईकडे बघितलं, की आता काय करायचं? दुरुस्त करायचं का?

साहेबानं टोपी सावरली. पोरांचा गलबला निवेपर्यंत तो थांबला, आणि मग शेळीच्या अगदी जवळ सरकून, त्याच चुकीच्या भाषेत, हळूच म्हणाला, "पुन्हा विचार ना."